हे मुंग्यांशी जुळतं

दुपारी झोप येईना म्हणून फोनमधल्या जुन्या नोट्स उडवायला घेतल्या, तर एकीत एवढंच, "हे मुंग्यांशी जुळतं!!!" कुठल्या मुंग्या, काय जुळतं, काही पत्ता नाही. पण डिलीट करवेना, तीन उद्गारचिन्हं दिलीयत म्हणजे तेव्हा काहीतरी भारीच सुचलं असणार ना.

शाळेत विज्ञानाच्या वहीत लंबकाचं घड्याळ होतं, डच शास्त्रज्ञ होयगेन्स, 1656 वगैरे, आणि इतिहासाच्या वहीत समुद्रात वाट चुकणारी जहाजं. एकदा मधेच डोक्यात आलं की डुलणाऱ्या जहाजावर लंबक कसा काय नीट चालेल, म्हणजे अचूक वेळ नाही, वेळ नाही म्हणजे रेखांश नाही, पूर्व-पश्चिम आपण कुठे आहोत तेच कळत नाही, म्हणून तर भरकटायचे बिचारे! मग विज्ञानाच्या वहीत समासात एक वाकडंतिकडं जहाज काढलं आणि खाली लिहिलं, 'इतिहासाची वही पाहा'. बाईंनी त्याला लाल पेनने गोल केला, शेरा 'विषयांतर'. पुढे हॅरिसन नावाच्या इंग्रज घड्याळजीने जहाजासाठी लंबक सोडून स्प्रिंगवालं घड्याळ केलं, 1759 मध्ये, हे खूप वर्षांनी वाचलं आणि ते सन मी कधी पाठ न करता लक्षात राहिलंय, बाकी सनावळ्या केव्हाच गेल्या.

निकलास लुमान नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने तर आयुष्यभर विषयांतरच केलं म्हणायचं. खोक्यात सुमारे 90 हजार चिठ्ठ्या, आणि त्या विषयवार लावलेल्याच नाहीत. 57/12 नंबरच्या चिठ्ठीनंतर 57/13 लिहून झालंय आणि मधलं काही सुचलं तर ते 57/12ए, पुन्हा दुसरीकडच्या चिठ्ठीचा नंबर त्यावर. म्हणजे प्रत्येक वेळी 'ही कोणाशेजारी बसवू' हा विचार करणं आलंच, आणि खरी मेहनत तीच.

आता नोट्सच्या ॲपमध्ये दोन नोट्स जोडायला सेकंद लागतो, वर ठिपक्यांचं मोठं जाळं पण दिसतं, लोक त्याचे स्क्रीनशॉट टाकतात. मला त्याची चिडचिड होते. का जोडलं ते एका वाक्यात लिहा की राव! नुसती रेघ ओढून काय होतंय.

लुमानचं खोकं बघायला लोक यायचे आणि हिरमुसून जायचे, हेही त्यानेच एका चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. तो 1998 मध्ये गेला. अभ्यासक अजून त्या चिठ्ठ्या लावतायत, वाचतायत, नंबरावरून नंबर शोधत जातायत, पण एखादी हातात आल्यावर "अरे हो, हे तर..." म्हणणारा एकच होता.