हेवेलियसचा मृग : तारे बसले, आता आकृती

सतराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ योहान हेवेलियस याच्या १६९० च्या ‘फर्मामेंटम सोबिएस्कियानम’ या तारानकाशांच्या संग्रहातल्या मृगाच्या (पाश्चात्त्यांच्या ओरायन या शिकाऱ्याच्या) पानाची शाईत नक्कल करतोय. ठळक तारे कागदावर आले. आकृती गिरवून त्यावर तारे टिपण्यापेक्षा आधी शर-भोगाची जाळी (शर म्हणजे क्रांतिवृत्तापासून, सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गापासून, ताऱ्याचं अंशांतलं अंतर; भोग म्हणजे त्या वृत्तावरचं स्थान) आखायची, तारे बसवायचे आणि मग शिकारी काढायचा, हा क्रम मला फार पटलाय.

प्रमाण एका अंशाला एक सेंटिमीटर. शराला ते सगळीकडे तेच राहतं, पण क्रांतिवृत्तापासून लांब जावं तशा भोगाच्या रेषा जवळ येतात. मृगातल्या काक्षी (बीटलज्यूस) ताऱ्यापाशी, दक्षिण शर १६ अंशांवर, भोगाचा एक अंश ९.६ मिलिमीटर, राजन्य (रायजेल) ताऱ्यापाशी, ३१ अंशांवर, ८.६.

खरा आनंद कडेच्या पट्टीत आहे. काक्षीचा २००० सालचा सायन (वसंतसंपातबिंदूपासून मोजलेला) भोग ८८ अंश ४५ कला, म्हणजे पावणेएकोणनव्वद अंश. हेवेलियसची तारायादी १६६० च्या सुमाराची. मधल्या ३४० वर्षांचं संपातचलन (त्या संपातबिंदूचं हळूहळू सरकणं), ७२ वर्षांना एक अंश धरून, सुमारे पावणेपाच अंश. म्हणजे त्याच्या काळी ८४. शर जवळजवळ हलत नाही, आणि भोगातली वजाबाकी सगळ्या ताऱ्यांना एकच! त्यामुळे कडेला दोन पट्ट्या आखल्या, आत १६६०, बाहेर २०००, आणि एकच कागद दोन्ही काळांना लागू झाला. विषुवांश-क्रांतीच्या, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताला धरून आखलेल्या, जाळीवर हे जमलं नसतं. तिथे प्रत्येक तारा वेगळा सरकतो.

हेवेलियसनं आकाश खगोलाच्या बाहेरून पाहिल्यासारखं काढलंय, म्हणून काक्षी वर उजवीकडे येते. ती तशीच ठेवली. आकाशाशी ताडून बघायचं तर ट्रेसिंग पेपर उलटा करून उजेडावर धरतो.

तारे बसवताना सारखं जाणवत होतं की ही स्थानं त्यानं दुर्बिणीविना, नुसत्या डोळ्यांनी मोजली. १६७९ मध्ये इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जाऊन त्याच्यासोबत वेध घेऊन आला आणि त्या मोजमापांची अचूकता त्यानं मान्य केली. त्याच वर्षी सप्टेंबरात हेवेलियसची वेधशाळा जळाली. १६८७ मध्ये हेवेलियस गेला, आणि हे पुस्तक छापून आणलं ते त्याच्यासोबत वेध घेणाऱ्या त्याच्या बायकोनं, एलिझाबेथनं. संग्रहाबद्दल बोलताना तिचं नाव आधी घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे शिकाऱ्याच्या अंगावरच्या छायारेषा. मूळ नकाशात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या रेषेइतकी बारीक रेघ हवी. हँडमेड कागदावर शाई न फुटता चालणारी निब कुणी वापरली असेल, तर नंबर जरूर सांगा.