घराखालचं लाकूड कुजतं तेव्हा

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीजवळच्या केरीत. इथल्या पुष्कळ घरांसारखं तेही जमिनीपासून अडीच-तीन फूट वर, कडेच्या विटांच्या भिंतीवर आणि मधल्या खांबांवर टेकलेलं आहे. खालच्या बुटक्या पोकळीला क्रॉल स्पेस म्हणतात. आत सरपटतच जावं लागतं, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नाहीत. अख्ख्या घराचा भार मात्र तिथल्याच लाकडावर असतो.

मागच्या दारापाशी पाय टाकला की घरातली जमीन दबू लागली, म्हणून मी टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेले. जमीन पेलणारे वासे, म्हणजे जॉइस्ट, पाइनचे. मधल्या भागात स्क्रूड्रायव्हरचं टोक जेमतेम रुतलं. डेककडच्या, म्हणजे घराला लागून बाहेर असलेल्या लाकडी ओट्याकडच्या टोकाला तो दांड्यापर्यंत आत गेला. तिथलं लाकूड गडद तपकिरी झालं होतं, उभ्या-आडव्या भेगांनी त्याचे चौकोनी तुकडे पडले होते आणि चिमटीत धरलं की भुगा होत होता. ही बुरशी. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या.

लाकडात साधारण 28 ते 30 टक्के ओल झाली की ही बुरशी फोफावते. 20 च्या खाली तिचं काही चालत नाही. मीटर लावला तर कुजक्या टोकाशी 34 आणि मधल्या धडधाकट वाशांत 23. मधलं लाकूडही ओलंच होतं.

टोकाचं कारण लगेच कळलं. डेकची फळी घराला बोल्टने घट्ट आवळलेली, पण तिच्यावर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टीच नव्हती. प्रत्येक पावसाचं पाणी फळीमागे उतरून घराच्या कडेच्या फळीत मुरत होतं.

मधल्या ओलीचं कारण पटवायला वेळ लागला. बाबा तेव्हा चिपळूणहून आले होते. मी क्रॉल स्पेसच्या भिंतीतले झरोके बुजवायचे म्हटल्यावर म्हणाले, "अगं, ओल आहे तर वारा खेळू दे की! बंद काय करतेस?" कोकणातल्या घरात जन्म गेलेल्या माणसाचं हे बोलणं तिथे खरंच आहे. पण इथे वरती एसी चालू असतो. जुलैतल्या दमट हवेला साधारण 21 अंशांनाच दव सुटतं. झरोक्यांतून आत आलेली ती हवा एसीची हवा नेणाऱ्या थंड नळांना, म्हणजे डक्टांना, आणि गार पडलेल्या लाकडाला लागते आणि तिथेच पाणी धरते. मी बाबांना डक्टवरून ओघळणारे थेंब दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग स्वतःच झरोके मोजायला लागले. याच राज्यात प्रिन्सव्हिलमध्ये 12 घरांवर याचा अभ्यास झाला आहे. झरोके बंद केलेल्या घरांखालची जागा उन्हाळ्यात कोरडी राहिली.

एका कंपनीचा माणूस सगळ्या लाकडावर पांढरा रंग फवारून देतो म्हणाला होता. मला याचा राग येतो. रंगाने कुजक्या लाकडात ताकद येत नाही, उलट पुढची कूज झाकली जाते.

आधी डेक सोडवला, पाणी बंद केलं. मग सुताराने जाड पाटांवर जॅक ठेवून, आडवी तुळई लावून जमीन उचलली, दिवसाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. घाई केली की वर भिंतींना तडे जातात. कडेची कुजकी फळी काढून औषध मुरवलेल्या लाकडाची बसवली. वाशांची कुजकी टोकं चांगलं लाकूड लागेपर्यंत कापली आणि प्रत्येकाला शेजारी नवा वासा बोल्टने जोडला. तो नवा वासा दोन्हीकडे टेकला पाहिजे, यावर मी अडून बसले. मधेच संपणारा तुकडा भार कशावर देणार?

शेवटी मातीवर जाड प्लास्टिक अंथरून ते भिंतीवर चढवलं, झरोके बंद केले, हवेतली ओल खेचणारा डीह्युमिडिफायर लावला. खाली घर गरम करणारी गॅसची भट्टी असेल तर तिला जळायला हवा कुठून मिळणार, हे जाणकाराकडून तपासल्याशिवाय झरोक्यांना हात लावू नका.

मधले वासे आता 14 वर आहेत. नवा डेक घराला जोडलाच नाही. तो स्वतःच्या खांबांवर, भिंतीपासून थोडं अंतर सोडून उभा केलाय.