आमची वाटचाल : ब्लॉक, कुकर आणि तपकिरी रंग

स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीवरचं ईआर, पीआर (हार्मोनचे दोन रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींना वाढवणारं प्रथिन) हे आमच्या लॅबचं रोजचं काम. मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या तुकड्याचे काप काढून त्यांना अँटिबॉडी लावायची; मार्कर असेल तिथे पेशी तपकिरी होते, नसेल तिथे निळी राहते. सुरुवात एका मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर), एका वॉटर बाथवर आणि ॲन्टिजेन रिट्रीव्हलसाठी (फॉर्मलिनमध्ये तुकडा पक्का होताना झाकले गेलेले मार्कर बफरमध्ये तापवून उघडे करण्यासाठी) आणलेल्या प्रेशर कुकरवर झाली. कुकरला हसणारे हसले. पीएच ९ चा बफर ताजा ठेवला आणि वेळ पाळली, तर तो आजही मशीनच्या तोडीचं काम देतो.

कॅन्सरची स्टेज ठरवायच्या एजेसीसी या अमेरिकन नियमावलीची आठवी आवृत्ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली आणि ग्रेडसोबत (पेशी किती बिघडल्यात त्यासोबत) हे तिन्ही मार्कर थेट स्टेजमध्ये आले. तीन सेंटिमीटरची गाठ, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि ऑन्कोटाइप स्कोअर (गाठीच्या जनुकांची चाचणी) ११ च्या खाली, तर स्टेज टू-ए ची वन-ए होते. एका रंगावर एवढं अवलंबून!

त्यानंतर लवकरच आम्ही बुडता बुडता वाचलो. आम्ही ईआर निगेटिव्ह दिलेली केस दुसऱ्या लॅबने पॉझिटिव्ह काढली. ‘यांची अँटिबॉडी स्वस्तातली’ असा बोभाटा झाला, काम निम्म्यावर आलं. क्लोन, म्हणजे अँटिबॉडीचा वाण, दोघांचा एकच होता. त्यांना सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक मिळाला होता, आम्हाला ऑपरेशनचा. हे मात्र कुणी बोललं नाही. अख्खा स्तन न चिरता शनिवारी डब्यात टाकलेला. फॉर्मलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. कडा पक्की झाली, गाभा सोमवारीही कच्चाच.

पण चूक आमचीही होती. त्याच स्लाइडवर शेजारच्या नॉर्मल नलिका पूर्ण निळ्या होत्या. तिथे काही पेशी तरी तपकिरी व्हायलाच हव्यात. नसतील, तर ‘निगेटिव्ह’ लिहायचंच नसतं. ‘अर्थ लावता येत नाही’ लिहून दुसरा ब्लॉक मागायचा. बाहेरचा कंट्रोल (सोबत रंगवलेला, पॉझिटिव्ह ठाऊक असलेला तुकडा) छान रंगला म्हणून आम्ही सही केली. तो रिएजंटची खात्री देतो, आलेल्या तुकड्याची नाही.

त्या दिवसांत एक सर्जन बाई नमुने पाठवत राहिल्या. त्यांच्या डब्यावर दोन वेळा लिहिलेल्या असतात : गाठ शरीराबाहेर कधी आली, फॉर्मलिनमध्ये कधी पडली. अंतर तासाच्या आत, गाठीवर छेद दिलेला, फॉर्मलिन दसपट. आमचा आजचा फॉर्म त्यांच्याच डब्यावरून घेतलाय.

नवी लॅब काढणाऱ्यांना न विचारता सांगतो. फॉर्मलिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी नको, बहात्तरपेक्षा जास्त नको. काप चार मायक्रॉनचे. सहा आठवड्यांहून जुन्या कोऱ्या स्लाइड फेकून द्या. तुकड्याच्या कडेला साचलेला रंग मोजू नका. हर-टू टू-प्लस (धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही) आलं की अंदाज न बांधता फिश (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) करा. हाडातला तुकडा ईडीटीएमध्येच (कॅल्शियम हळूहळू काढणाऱ्या द्रावणातच) मऊ करा; रिपोर्टची घाई कितीही असो, तीव्र ॲसिडने डीएनए जातो आणि मग फिशला काही उरत नाही.

ती दुसरी लॅब आता टू-प्लसचे ब्लॉक आमच्याकडेच फिशला पाठवते. फॉर्मवरचा वेळेचा रकाना अजून कोराच असतो.