मिठाईवाला आणि 'नॉट गिव्हन'

शनिवारी दुपारी ३ वाजता आमच्या हाँगकाँगमधल्या, तुंग चुंगच्या घरातलं जेवणाचं टेबल आमचं राहत नाही. ताटं उचलून, पुसून होतंय न होतंय तोच बेल वाजते आणि चपला दाराबाहेर नीट काढून माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी मुलगी आत येते. आमच्याच इमारतीत ७ मजले खाली राहते. फॉर्म सिक्स, म्हणजे आपली बारावी. आधी टेबलावर कंपासपेटी उघडते: चार रंगांचे हायलायटर, दोन खोडरबर, एक छोटी पट्टी. मग उतारा बाहेर येतो.

तिचा पहिला उतारा बघितला तेव्हा मला त्यात इंग्रजी दिसलंच नाही. प्रत्येक अनोळखी शब्दाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या चिनी अक्षरांत अर्थ, खाली गुलाबी, पिवळा, हिरवा पट्टा. हळदीकुंकवाची रांगोळी परवडली. मी विचारलं, "१४व्या ओळीतलं 'दे' (they) म्हणजे कोण?" तिने पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पानाकडे. 'दे'च्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो शब्द तर तिला पहिलीपासून येत होता.

हे शिकवणं माझ्या गळ्यात कसं पडलं, तर लिफ्टमध्ये. तिच्या आईने मला फोनवर इंग्रजीत भांडताना ऐकलं (गॅसच्या बिलावरून) आणि ठरवलं की हीच बाई पाहिजे. मी सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेची, इंग्रजी पाचवीपासून, हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांना ते फारच आवडलं. "म्हणजे तुम्हीही शिकूनच शिकलात!"

इथल्या बारावीच्या परीक्षेला डीएसई म्हणतात. २०१२ साली ती सुरू झाली, त्याआधी ब्रिटिश घडणीच्या दोन वेगळ्या परीक्षा असत. इंग्रजीचा पेपर एप्रिलच्या आसपास, निकाल जुलैत. टक्क्यांऐवजी पायऱ्या: १ ते ५, आणि ५च्या डोक्यावर एक चांदणी, मग दोन चांदण्या. विद्यापीठात पाय ठेवायचा तर चिनी आणि इंग्रजी दोन्हींत किमान ३ लागतात. इंग्रजीचा पहिला पेपर निव्वळ वाचनाचा, दीड तासाचा, २० टक्क्यांचा. त्यातला पहिला भाग सगळ्यांना सक्तीचा, आणि पुढे सोपा बी-वन घ्यायचा की अवघड बी-टू, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मेख अशी की बी-वन घेतला की त्या पेपरात कितीही चांगलं लिहा, ४च्या वर चढता येत नाही.

पोरीला हव्यात ३. साधा हिशोब आहे, बी-वन घे आणि निवांत लिही. पण आईचं म्हणणं बी-टूच. ९० टक्के पडलेल्या मुलाने आर्ट्सला जायचं म्हटलं की आपल्याकडे घरात जो चेहरा होतो, अगदी तोच चेहरा मी या माउलीचा बघितलाय. इथल्या बसच्या अख्ख्या अंगावर शिकवणीच्या मास्तरांचे फोटो असतात, सिनेमातल्या नटासारखे केस केलेले. 'शिकवणीचे राजे' म्हणतात त्यांना. जुने पेपर एकामागून एक सोडवत सुटायचं याला 'छोउ ग्युन' म्हणतात, त्यातल्या 'छोउ'चा अर्थ कवायत. लातूर पॅटर्न बघितलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही.

कवायतीतून पोरं एक युक्ती शिकतात, आणि ती मला चांगलीच ओळखीची, कारण दहावीला मी तीच वापरली होती. प्रश्नातला वजनदार शब्द उताऱ्यात हुडकायचा, सापडला की ते अख्खं वाक्य उतरवायचं. अर्थ कळलाच पाहिजे अशी अट नव्हती. मार्क मिळायचे. डीएसईचे पेपर काढणारे मात्र या युक्तीच्या वाटेवरच खड्डा खणून ठेवतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात वेगळ्याच रूपात येतो, आणि जिथे तो जसाच्या तसा येतो तिथे बहुतेक वेळा उत्तर नसतं. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांवर मी एक वाक्य दिलं होतं: 'द हॉकर्स वेअर एनिथिंग बट बिटर.' हिने उत्तर लिहिलं, फेरीवाले कडवट झाले होते. 'बिटर'वर गुलाबी पट्टा होता. अर्थ उलटा करणारं 'एनिथिंग बट' बिचारं कोरं.

म्हणून आम्ही मोठे शब्द सोडले आणि बारके धरले. सर्वनामं आधी. इथल्या बोली चिनीत, म्हणजे कँटोनीजमध्ये, तो आणि ती, दोघांनाही एकच शब्द, 'खोइ'. तिची आई मला सांगते, "माय डॉटर, ही डोन्ट लाइक रीडिंग." आपल्याला हसू येतं, पण उताऱ्यात तीन माणसं आणि दोन संस्था एकमेकांत मिसळल्या की कुठला 'ही', कुठला 'इट', कुठला 'दे' हा खेळ पोरीला खरंच जड जातो. हायलायटर आता एकाच कामाला. सर्वनामापासून त्याच्या मालकापर्यंत बाण काढायचा. पहिल्या आठवड्यात ११ बाण काढले, त्यातले ४ भलत्याच दारात जाऊन उभे.

मग लांब वाक्यं. इथे मला माझीच भाषा कामाला आली. चिनी वाक्यात नामाची सगळी माहिती नामाच्या आधी येते. हे कळलं तेव्हा मी टेबलावर हात मारला, कारण आपलंही तसंच की! 'काल बाजारात भेटलेली बाई.' आधी काल, मग बाजार, मग भेट, आणि बाई सगळ्यात शेवटी. आपल्या '-लेली'चं काम त्यांच्याकडे 'गे' हा एवढासा शब्द करतो. इंग्रजीत बाई आधी येऊन उभी राहते आणि तिची माहिती मागून येतच राहते, कधी कधी दोन-दोन ओळी, तोवर मुख्य क्रियापद कुठल्या कुठे गेलेलं असतं. 'हू', 'विच', 'दॅट' दिसलं की पेन्सिलीने कंस उघडायचा, माहिती संपली की बंद करायचा, आणि कंसावर बोट ठेवून उरलेलं वाक्य वाचायचं. मग कंसातलं उचलून नामाच्या आधी ठेवायचं आणि कँटोनीजमध्ये मोठ्याने म्हणायचं. ती म्हणते, मी मनात मराठीत म्हणते, दोघी एकाच ठिकाणी पोहोचतो. इंग्रजीने 'दॅट' गाळलं असलं की मात्र आमची पंचाईत होते. कंस उघडायला काही खूणच राहत नाही. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही, नाम-नाम असं जोडीने आलं की थांबायचं, एवढंच.

एक गंमत सांगायची राहिली. कॅपिटल अक्षरं ना देवनागरीत, ना चिनीत. त्यामुळे उताऱ्यात एखाद्या माणसाचं नाव शोधायचं तर ती पहिल्या ओळीपासून वाचत येत असे. मोठी अक्षरं तेवढी बघत पानावरून नजर फिरव, असं सांगितलं तर तिला ती कॉपी केल्यासारखी वाटली.

पण खरा घोळ 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'चा. उताऱ्यात असेल तर ट्रू, उलट असेल तर फॉल्स, उताऱ्यात काही म्हटलेलंच नसेल तर नॉट गिव्हन. सगळी पोरं त्याला 'एनजी' म्हणतात, आणि सगळ्यात जास्त मार्क तिथेच सांडतात.

मी हौसेने एक उतारा घरीच तयार केला, स्टार फेरीवर. त्सिम शा त्सुईहून सेंट्रलला जाणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या बोटी. १८८८ साली दोराबजी नौरोजी मिठाईवाला या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी ही सेवा कौलून फेरी कंपनी म्हणून काढली, १८९८ मध्ये तिचं नाव स्टार फेरी झालं. १९६६ मध्ये पहिल्या वर्गाचं भाडं ५ सेंटनी वाढवायचं निघालं तेव्हा शहरात दंगल झाली. आपल्या मुंबईचा माणूस, त्याचा मला केवढा अभिमान! रात्री प्रश्न काढले, उत्तरंही लिहून ठेवली.

चौथा प्रश्न: दोराबजींच्या घराण्याचा मिठाईशी संबंध होता. तिने लिहिलं, एनजी. मी लाल पेनाने फुली मारली.

"मिस, कुठल्या ओळीत आहे?"

मी उतारा वाचला. परत वाचला. कुठेच नव्हतं. मिठाई होती ती फक्त आडनावात, आणि ते आडनाव मी मराठीत वाचलं होतं. तिच्या लेखी ते मोठ्या अक्षराने सुरू होणारं एक लांबलचक नाव होतं, बस. माझी फुली खोडून मी बरोबरची खूण केली.

पाचव्या प्रश्नाला हिशोब बरोबरीत सुटला. '१९६६ मध्ये लोकांनी फेरीने जाणं सोडून दिलं.' तिने लिहिलं, ट्रू. कुठल्या ओळीत, असं आता मी विचारलं. "आजोबांनी सांगितलं, ते महिनाभर बसले नव्हते." आजोबा काही माझ्या उताऱ्यात नव्हते.

निघताना तिने विचारलं, त्या नावाचा अर्थ काय? मी सांगितलं: गोड पदार्थ विकणारा. तिने लगेच पेन्सिल घेतली आणि नावाच्या डोक्यावर मुंगीएवढी दोन अक्षरं लिहिली. जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग स्वतःच खोडून टाकली.

तिच्या आईने मुळ्याचा केक पाठवला होता, चिनी नव्या वर्षाचा. मी लग्न झालेली, त्यामुळे रिवाजाप्रमाणे पैशांचं लाल पाकीट मी मुलीला द्यायचं, ते दिलं. पुढच्या आठवड्यात शाळेची मॉक, म्हणजे सराव परीक्षा आहे. बी-वन की बी-टू, खालच्या मजल्यावर अजून ठरलेलं नाही.