नाशिकहून फणसाड आणि वेळास: शेकरू, कासवं आणि चार दिवस

मार्चमधल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही दोघांनी नाशिक सोडलं. इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलो, त्यामुळे कसारा घाट टळला. आमण्याला उतरून पनवेल, पेण करत अलिबाग गाठलं. समृद्धीवर दुचाकी चालत नाही, बाइकवाल्यांनी जुना रस्ताच धरावा. रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि उजव्या हाताला समुद्र लागला. काशीदला शनिवारची गर्दी बघून थांबलोच नाही, मुक्कामाला नांदगावात गेलो.

फणसाडसाठी मात्र अख्खी सकाळ राखून ठेवा. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाची ही शिकारीची राखीव जागा, 1986 पासून अभयारण्य. सुपेगावच्या बाजूने उजाडतानाच आत गेलो, सोबत गावातला वाटाड्या. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात जनावरं तिथेच येतात, म्हणून गाणाजवळ गप्प बसायचं. पाऊण तास काहीच नाही. मग डोक्यावर करकर आवाज आला आणि शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, दिसलं: तांबूस पाठ, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट, आणि एका फांदीवरून दुसरीवर मोठी झेप. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला होता, फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही. गडद रंगाचे कपडे, पाणी आणि दुर्बीण बरोबर असू द्या. अत्तर, सेंट नको.

दुपारी आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीने दिघीला उतरलो. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता हा या सफरीतला सगळ्यात देखणा तुकडा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट लाटा. तो अंधारात घालवू नका, चारच्या आत दिघी सोडा.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेसवीची बोट धरली. दोन्ही फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा, शेवटची बोट चुकली तर वळसा फार मोठा पडतो.

वेळास या किनाऱ्यावरच्या गावात घरगुती मुक्काम करा. जेवण सांगून ठेवावं लागतं, रोख पैसे जवळ हवेत. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी किनाऱ्यावरून उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात, साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. संध्याकाळी सगळ्या टोपल्या रिकाम्या निघाल्या, मी खरंच हिरमुसले. सकाळी एका टोपलीखाली अकरा पिल्लं होती. त्यांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत, वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण चालत जातात. एक मागे राहिलं, लाटेने दोनदा परत फेकलं, तिसऱ्यांदा आत गेलं.

दोरीच्या मागे उभं राहा, फ्लॅश आणि टॉर्च अजिबात नको, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. आणि जमलं तर वेळासला दोन रात्री ठेवा. आम्ही एकच ठेवली होती, ती सकाळही रिकामी गेली असती तर मंडणगडमार्गे घरी परतताना फार जड गेलं असतं.