मागचा जिना

रेल्वे स्थानकालगतच्या बंद पडलेल्या व्यापारी इमारतीची खरेदी म्हटली की सगळी बोलणी स्थानकाच्या अंतराभोवती फिरतात आणि विक्रेता दरही त्याच हिशेबाने सांगतो. माझ्या अशिलांना अशी एक इमारत घेऊन तिथे घरे करायची होती. त्यांचा वकील म्हणून मला मात्र ही मिळकत नेमकी कुठे संपते, हे पाहायचे होते. साठेकरारापूर्वी कागद आणि जागा एकाच दिवशी ताडून पाहावी, असा माझा आग्रह असल्याने भूमापक आणि स्थापत्य अभियंता दोघेही सोबत होते.

इमारत पाडायची की सांगाडा ठेवायचा, हा प्रश्न तळमजल्यावरच्या एका कॉलमपाशी बराचसा सुटला. अभियंत्यांनी काँक्रीटला ताजे छिद्र पाडून आत फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले, तेव्हा पृष्ठभागालगतची रंगहीन कड सोडली तर आतला सगळा भाग गडद गुलाबी झाला. चांगल्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून तो ९ च्या आसपास उतरला की रंग येत नाही आणि सळईचे गंजापासूनचे संरक्षणही जाते. इथे ती झीज सळईपर्यंत पोहोचली नव्हती. प्रयोगशाळेचे अहवाल यायचे होते, तरी सर्वांचा कल सांगाडा ठेवण्याकडे झुकला आणि त्यामुळेच मागच्या जिन्याला महत्त्व आले, कारण वरच्या मजल्यांवर कुटुंबे राहायची तर आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी दुसरा स्वतंत्र जिना लागणारच होता.

भूमापकांनी त्या जिन्याखालचा कचरा बाजूला केला, तेव्हा जमिनीत उभा पुरलेला, गंजलेला रुळाचा तुकडा दिसला. ती रेल्वेच्या हद्दीची खूण होती.

“वकीलसाहेब, हा अख्खा जिना आपल्या हद्दीबाहेर, रेल्वेच्या जागेत आहे,” ते म्हणाले.

त्यावर विक्रेत्यांनी पिशवीतून एक जुना परवाना काढला. जिन्याखालची ती पट्टी रेल्वेने मालाच्या चढउतारासाठी पूर्वीच्या मालकाला वापरायला दिलेली होती. असा परवाना ज्याला दिला त्याच्यापुरताच असतो. भाडेपट्ट्याप्रमाणे त्यातून जमिनीत हक्क निर्माण होत नाही, आणि इमारत विकली म्हणून तो खरेदीदाराकडे येत नाही. हा कागद आम्हाला दिलेल्या फायलीत का नव्हता, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

तोड अभियंत्यांनी काढली. व्यापारी इमारतीचे मजले समोरून मागे खोलवर पसरलेले असल्याने मधल्या पट्ट्यात खिडकीचा उजेड पोहोचत नाही आणि तिथे राहत्या खोल्या काढता येत नाहीत; तिथलाच स्लॅब कापून नवा जिना बसवता येणार होता. विक्रेत्यांच्या वकिलांनी लगेच हा मुद्दा उचलला: जी जागा विकता येणारच नव्हती, तिची भरपाई कसली? युक्तिवाद निम्मा खरा होता. म्हणून नव्या जिन्यात जाणाऱ्या क्षेत्रफळाची वजावट मी सोडली आणि कापकाम व नव्या तुळयांचा खर्च मोबदल्यातून वळता करण्याची अट साठेकरारात घातली. मागचा जिना मिळकतीच्या वर्णनातून वगळला. तो पाडून पट्टी रेल्वेच्या ताब्यात देईपर्यंत मोबदल्याचा शेवटचा हप्ता रोखून धरण्याचे कलम विक्रेत्यांनी बऱ्याच कुरबुरीनंतर मान्य केले.