कोणासाठी विणताय?

झोप येईना म्हणून लिहायला बसलेय. कारण सांगितलं तर कुणीही म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. संध्याकाळी वन्सं आल्या होत्या, मी खिडकीपाशी मोजा विणत होते, त्यांनी तो हातात घेऊन निरखून बघितला, विणायच्या सुईच्या दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या वायरीला बोट लावून बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "वहिनी, कोणासाठी विणताय?" मी म्हटलं, "अशीच हो. शिकतेय नुसती."

बास, एवढंच झालं. मग त्या दुसऱ्या विषयावर गेल्या, मीही गेले, तासाभराने त्या निघाल्या. पण तेव्हापासून ते "अशीच" काही डोक्यातून जात नाहीये. अशीच म्हणजे काय? मोजा असा कुणी "असाच" विणतं का? मफलर विणता येतो असाच, कुणाच्याही गळ्यात पडतो. मोज्याचं तसं नसतं. पहिला टाका घालायच्या आधीच पाय कोणाचा ते माहीत असावं लागतं. चवड्यापाशी पाय जिथे सगळ्यात रुंद असतो तिथे टेप गुंडाळायची, जो आकडा येईल त्यातून दहावा हिस्सा वजा करायचा, कारण मोजा थोडा ताणून बसला तरच तो पायात टिकतो, सैल केला तर बुटात गोळा होतो. मग आपल्या हाताने 10 सेंटीमीटरमध्ये किती टाके येतात त्याने गुणायचं आणि दहाने भागायचं. माझ्या हाताने, 2.25 मिलिमीटरच्या सुईवर, 32 येतात. पाय 22 सेंटीमीटर, दहावा हिस्सा गेला की साधारण 20, म्हणजे 64 टाके.

हे सगळं गणित मी वहीत नीट लिहिलंय आणि तरीही तोंडातून आलं ते "अशीच".

वहीत त्याच पानावर वरच्या बाजूला दुसरं गणित आहे. 25 सेंटीमीटर, 72 टाके. त्यावर काट मारलीय. त्याबद्दल आत्ता नको.

मला गोल सुईवर मोजा शिकायला दोन महिने लागले. आधी पाच सुयांवर करून बघितलं होतं, जशा मोठ्या काकू विणायच्या, चार सुयांवर टाके वाटलेले आणि पाचवीने विणायचं. माझ्याच्याने ते झालं नाही. एका सुईवर लक्ष दिलं की पलीकडची हळूच सरकून खाली पडायची, आणि तिच्यावरचे सोळा टाके उघडे पडलेले बघून पोटात खड्डा पडायचा. मग ही लांब सुई आणली, टोकापासून टोकापर्यंत 100 सेंटीमीटर, दोन्हीकडे आखूड सुई आणि मधे बारीक लवचिक वायर. वायर पाकिटात गुंडाळलेली असल्यामुळे स्प्रिंगसारखी उसळत होती, ती आधी गरम पाण्यात धरली, मऊ झाल्यावर दोन्ही हातांनी ताणून सरळ केली, तेव्हा कुठे ऐकायला लागली.

या पद्धतीला मॅजिक लूप म्हणतात. सारा हाउश्का नावाच्या बाईंची ही युक्ती, आणि 2002 मध्ये बेव्ह गॅलेस्कास यांनी एका छोट्या पुस्तिकेतून ती सगळ्यांपर्यंत पोचवली. म्हणजे माणसं शतकानुशतकं मोजे विणतायत आणि ही युक्ती सगळ्यांच्या हाती आली ती आत्ता आत्ता, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि युक्ती तरी किती साधी! 64 टाके घालायचे, ते सगळे वायरीवर मधोमध सरकवायचे, बरोबर 32 वर चिमटीत धरायचं आणि दोन टाक्यांच्या मधून वायर ओढून तिचा फास बाहेर काढायचा. आता निम्मे टाके पुढे, निम्मे मागे. टाके कुठे पिळलेत का ते एकदा बघून घ्यायचं, सगळ्यांची खालची कड आतल्या बाजूला हवी, एक जरी वेटोळं राहिलं तर पुढे काही करून सुटत नाही, सगळं उसवावं लागतं. मग मागची सुई ओढून घ्यायची, म्हणजे मागचे टाके वायरीवर निवांत बसतात आणि ती सुई विणायला मोकळी होते. पुढचे 32 विणायचे, काम फिरवायचं, पुन्हा वायर ओढायची, राहिलेले 32 विणायचे. झाली एक फेरी.

पहिले आठ दिवस मला हे कळायचंच नाही की कुठली बाजू ओढायची. चुकीची ओढली की फास गायब, सगळे टाके एका रांगेत, आणि पुन्हा मोजून 32 वर चिमटा. पण हाताला एकदा कळलं आणि त्यानंतर मला विचार करावा लागला नाही. आता डावा अंगठा आपोआप वायरीवर जातो.

वन्संनी त्या फासालाच बोट लावलं होतं. म्हणाल्या, "ही एवढी वायर उगाच बाहेर का लोंबतेय?" मी सांगितलं की ती बाहेर आहे म्हणून तर गोल विणता येतं, तेवढी सैल जागा नसेल तर टाके फिरणारच नाहीत. हे सगळं मी किती भडाभडा सांगितलं त्यांना! कुठली सुई, किती लांब, जोडावर शिडीसारखी फट पडते ती कशी टाळायची, पहिला टाका ओढून फारसं काही होत नाही, दुसरा विणताना दोरा घट्ट ओढायचा. सगळं सांगितलं. फक्त कोणासाठी ते सांगितलं नाही.

खोटं का बोलले मी? खोटंच ते. शिकतेय हे खरं आहे, पण अशीच नाही.

खरं तर सुरुवात केली होती 72 नेच. बॉर्डर 2 सुलट 2 उलट, चांगली 5 सेंटीमीटर झाली होती. करड्या रंगाची लोकर, लेकाला आवडेल म्हणून घेतलेली, 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन, म्हणजे टाच लवकर झिजत नाही, 100 ग्रॅमची लडी, साधारण 400 मीटर. मग त्या रविवारी फोनवर सहज विषय निघाला आणि तो म्हणाला, "आई, खरंच नको गं. मी नाही घालत तसले. तू उगाच डोळे शिणवून घेऊ नकोस." काळजीनेच म्हणाला. आवाजात काळजीच होती. मी म्हटलं बरं. फोन ठेवला आणि त्या रात्री सगळं उसवलं.

धाकटीला तर लोकर टोचतेच, लहानपणापासून. ह्यांचं काय, ह्यांना मोजे म्हणजे नुसता उकाडा. मोजून सगळे संपले. खूप रडू आलं होतं तेव्हा, आत्ता लिहिताना परत येतंय, कारण नको म्हणणाऱ्यांचा काही दोष नाही, सगळ्यांकडे सगळं आहे, आणि माझ्या हातात एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा बसायला लागली होती आणि ती द्यायला घरात एक पाय नव्हता. असं वाटतं की आपल्या हातचं हवंहवंसं असण्याचे दिवस कधी गेले ते कळलंसुद्धा नाही, कुणी सांगितलंही नाही की आता हे शेवटचं. 

उसवलेली लोकर सरळ राहत नाही. प्रत्येक टाक्याची वळी तिच्यात राहून जाते, बारीक कुरळी, नागमोडी. ती सैल गुंडाळी करून कोमट पाण्यात बुडवून ठेवली, पिळलं नाही, खाली हलकंसं वजन बांधून टांगून वाळवली. दोन दिवसांनी हात फिरवून बघितला तर बऱ्यापैकी सरळ झाली होती. त्याच लोकरीने हे 64 टाके घातलेत. बॉर्डर नीट निरखून बघितली तर पहिल्या फेऱ्यांमध्ये टाके जरासे लहानमोठे दिसतात, तिथे ती आधीची वळी अजून आहे. पाण्यातून काढल्यावर जाईल म्हणतात. गेली नाही तरी माझी तक्रार नाही.

वन्संना "माझ्यासाठी" म्हणता आलं नाही, हेच ते. दोन शब्दसुद्धा नाहीत, एकच शब्द आहे, आणि तो घशातच अडकला. "नातवाला" म्हणणारीला कुणी काही म्हणत नाही. "ह्यांना" म्हणणारीला तर उलट कौतुक मिळतं. आणि इतकी बारीक सुई, इतकी मोडून येणारी मान, एका मोज्याच्या हजारो टाक्यांचं काम, आणि ते सगळं स्वतःच्या पायासाठी, जो पाय असाही वहाणेत जाणार. असं कुणी म्हणालं नाहीये. वन्सं तर नाहीच, त्या फार मायेच्या. मीच मला म्हणतेय.

मोठ्या काकू आठवतायत सारख्या. सुया एकमेकींवर घासल्याचा तो बारीक आवाज, मान खाली, ओठ हलतायत, टाके मोजतायत. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर त्यांचं काहीतरी असायचं, माझी हिरवी टोपी, दादाचा बिनबाह्यांचा स्वेटर, सगळ्या बाळांचे मोजे. आत्ता इतका वेळ डोळे मिटून बघितलं, त्यांच्या पायात काय असायचं ते काही केल्या आठवत नाही. अनवाणीच आठवतात. त्यांना कधी कुणी "कोणासाठी" विचारलं नसेल, कारण उत्तर सगळ्यांना माहीतच असायचं.

पावणेदोन वाजले. लिहिता लिहिता उठले आणि मोजा घेऊन आले. टाचेची पट्टी संध्याकाळीच झाली होती, 32 टाक्यांवर 32 ओळी, प्रत्येक ओळीतला पहिला टाका न विणता उचललेला, त्यामुळे दोन्ही कडांना वेणीसारखे सोळा सोळा फास तयार झालेत. आत्ता टाच वळवली. हा भाग मला सगळ्यात आवडतो. मधले टाके विणायचे, दोन एकत्र करायचे, एक विणायचा आणि ओळ अर्ध्यावर सोडून उलटं फिरायचं, परत तसंच, प्रत्येक वेळी एक टाका पुढे जायचं. कागदावर वाचलं तर काहीच समजत नाही. हातात मात्र सपाट पट्टीला हळूहळू खोलगट वाटीसारखा आकार यायला लागतो. 32 चे 18 उरतात आणि बघता बघता समोर टाच असते. 

मग घालून बघितला. लांब सुईचं हे एक सुख आहे, टाके वायरीवर पसरवले की अर्धवट मोजाही पायात चढतो, पाच सुयांवर ते इतकं सोपं नाही. दोन्ही सुया घोट्याशी लोंबतायत, पुढचा चवडा उघडा, अंगठ्याशेजारचं हाड अलीकडे थोडं वर आलंय ते दिसतंय. टाच बरोबर टाचेवर बसली, कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. दिव्याखाली पाय धरून कितीतरी वेळ बघत बसले. या पायाचं माप मी याआधी कधी घेतलंच नव्हतं. दुकानात जाऊन नंबर सांगायचा, त्याच्या पुढे कधी विषयच गेला नाही. 22 सेंटीमीटर. डावा जरासा जास्त भरतो.

मग कडेचे फास उचलले. 18 आणि 16 आणि 16, वर पावलाचे 32, मिळून 82 व्हायला हवेत. 81 येतायत. तीनदा मोजले. उद्या उजेडात बघेन.

सकाळी: पट्टीच्या कोपऱ्यात एक फास खाली दबून राहिला होता, क्रोशाच्या सुईने वर काढला. 82. आता एक फेरी आड दोन दोन टाके कमी करत परत 64 वर यायचं, अठरा फेऱ्यांचं काम आहे.

वन्संचा मेसेज होता, "मोजे कुठपर्यंत आले?" लिहिलं, टाच वळली. आणि रात्री काढलेला फोटो पाठवला, पायात घातलेला. पाय माझा आहे ते त्यांना ओळखू येईल. अजून त्यांनी बघितलेला नाही.